औषधाची खिडकी: गोळीचा रंग बदलला, पट्टी अर्धीच मिळाली

नमस्कार. जुन्या वाचकांना माहितीच आहे, नवीन लोकांसाठी सांगते, मी २७ वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होते, म्हणजे केसपेपर घेऊन तुम्ही ज्या खिडकीशी येता तिच्या आतल्या बाजूला बसायचे. या महिन्यात पत्रं, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून बरेच प्रश्न आले, त्यातले निम्मे तरी सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांचे आहेत म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच देते. मी इथून तपासू शकत नाही, त्यामुळे चालू गोळी बंद करायची किंवा डोस बदलायचा असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

प्रश्न: ताई, आमची आई ६८ वर्षांची आहे, तीन वर्षांपासून पीएचसीतून बीपीची गोळी घेते. आधी पांढरी गोल गोळी मिळायची, या खेपेला गुलाबी दिली. तिला वाटलं डॉक्टरांनी अजून एक गोळी वाढवली, म्हणून घरात उरलेली पांढरी पण आणि ही गुलाबी पण, आठ दिवस दोन्ही घेत राहिली. पायाला सूज आली आणि परवा सकाळी न्हाणीत चक्कर येऊन पडली, मनगटाला मार लागला. नंतर मी पट्ट्या बघितल्या तर दोन्हीवर अ‍ॅम्लोडिपिन ५ लिहिलेलं. घरातले सगळे आईलाच बोलतायत. चूक कुणाची? (परभणी जिल्हा)

उत्तर: मनगटाचा एक्सरे काढला नसेल तर आधी तो काढा, या वयात साधं पडणंही साधं नसतं. बीपी मोजून घ्या आणि डॉक्टरांना सांगा की आठ दिवस डबल डोस गेलाय, पायाची सूजही त्यानेच वाढली असणार.

आता चुकीचं. आईला बोलणं आजच बंद करा, तिची काही चूक नाही. सरकारी औषधं टेंडरने येतात, या वर्षी एका कंपनीला ऑर्डर, पुढच्या वर्षी दुसरीला, औषध तेच असतं पण गोळीचा रंग, आकार, पट्टीची चकाकी सगळं बदलतं, आणि एका औषधाला एकच रंग असावा असं काही बंधन आपल्याकडे नाही. त्यात गंमत नाही, वाईट वाटतं ते याचं की रंगावरून गोळी ओळखायला लोकांना आपणच शिकवलंय. लोहाच्या गोळ्या बघा ना, शाळेतल्या लहान पोरांना गुलाबी, वयात आलेल्या मुलामुलींना निळी, गरोदर बाईला लाल. मग तुमच्या आईने गुलाबी म्हणजे वेगळं औषध असं धरलं तर ते बरोबरच धरलं की. ज्याला वाचता येतं तो पट्टीवरचं नाव वाचतो, तेही इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, आणि जिला वाचता येत नाही तिच्यासाठी रंग हेच गोळीचं नाव असतं, ते नाव बदललं आणि कुणी तिला सांगितलं नाही.

सांगायला हवं होतं आमच्यासारख्यांनी. "आजी, ही तीच गोळी आहे, फक्त रंग बदललाय, जुनी संपली की ही सुरू करा", एवढं एकच वाक्य. पण बाजाराच्या दिवशी खिडकीसमोर दीडशे माणूस असतं, आत एकच हात असतो, आणि होतं असं की जो चटपटीत आहे, चार प्रश्न विचारतो, त्याला आम्ही नीट समजावतो आणि जी म्हातारी मान डोलावून पुढे सरकते तिला नुसती पट्टी सरकवतो. जिला जास्त वेळ द्यायचा तिलाच कमी मिळतो, आणि मग गोळीचा त्रास पण तिच्याच वाट्याला जास्त येतो. इतक्या वर्षांत मला हे सगळ्यात जास्त टोचत आलंय, म्हणून लिहिते.

आता एक काम करा, घरातली औषधाची पिशवी चादरीवर उपडी करा. सगळी. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका आजींची साडीच्या दुकानाची पिशवी मी अशीच काउंटरवर उपडी केली होती. आमच्याकडची बीपीची टेल्मिसार्टन, शिवाय तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांनी लिहिलेली दुसऱ्या नावाची गोळी, ती पण टेल्मिसार्टनच. गुडघ्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅक या पेनकिलरची अर्धी पट्टी, एक्सपायरीचा कोपरा कापून गेलेला. आणि संधिवाताची मेथोट्रेक्सेट, जी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, तिच्यावर मुलाने बॉलपेनने ठळक "सोमवार" लिहिलं होतं. त्या एका शब्दाने आजी वाचल्या असं मी आजही म्हणते, कारण ही गोळी रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, जीव जातो. आणि बीपीच्या गोळीबरोबर रोज रोज पेनकिलर घेतली की मूत्रपिंडावर ताण येतो, त्यात लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच, हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं कारण कुणी पिशवीच बघितली नव्हती.

तर पट्टीवर मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, त्याच्या खाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव आणि मिलीग्रॅम असतात, ते जुळवा. दोन पट्ट्यांवर तेच नाव असलं तर ते एकच औषध. दवाखान्यात जाताना रिकामी जुनी पट्टी घेऊन जा आणि खिडकीवर विचारा, ही तीच ना. मेडिकलवाल्याला सांगा एक्सपायरीचा कोपरा माझ्याकडे राहू दे, नाहीतर पट्टीचा फोटो काढून ठेवा. आणि एखाद दिवशी गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, कधीच नाही.

प्रश्न: माझे वडील शुगर आणि बीपीचे पेशंट आहेत, दिवाळी झाली की आईवडील दोघं ऊसतोडीला जातात ते पाच सहा महिने, कधी सांगलीकडे कधी कर्नाटकात. आमच्या दवाखान्यात दहा दिवसाच्याच गोळ्या देतात, परत या म्हणतात. तिकडच्या दवाखान्यात गेले तर म्हणाले तुमचं कार्ड गावचं आहे, गावाकडूनच घ्या. मेडिकलमधून घ्यायच्या तर उचल आधीच संपलेली असते. मधे पंधरा दिवस गोळ्याच नव्हत्या. असं चालतं का? (बीड जिल्हा)

उत्तर: नाही चालत, आणि "गावाकडूनच घ्या" हे ज्यांनी सांगितलं त्यांनी चुकीचं सांगितलं. सरकारी आरोग्य केंद्रात औषध घ्यायला त्या गावचं असावं लागत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषध सगळं मोफत आहे, उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत. वडील सांगलीच्या कारखान्याच्या तळावर असोत की बीडमध्ये, हक्क तोच आहे. कर्नाटकात महाराष्ट्राचा हा निर्णय लागू होत नाही पण बीपी शुगरचा राष्ट्रीय कार्यक्रम तिथेही आहे, तिथल्या पीएचसीत जाऊन दाखवायचं.

दहा दिवसांच्या गोळ्यांबद्दल मला राग येतो तो सांगतेच. २०१७ मध्ये देशात बीपी नियंत्रणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा, वर्धा हे आपले सुरुवातीचे जिल्हे. त्यात ठरलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या, सगळीकडे एकच उपचार पद्धत, महिन्याच्या म्हणजे ३० दिवसांच्या गोळ्या एकदम द्यायच्या, आणि जमेल तिथे गावाजवळच्या उपकेंद्रातच द्यायच्या. कारण मजुराला दर दहा दिवसांनी बोलावणं म्हणजे दर दहा दिवसांनी त्याचा खाडा, मग तो येत नाही आणि रजिस्टरमध्ये आपण लिहितो की पेशंट औषध घेत नाही. तो घेत नाही की आपण देत नाही, हे बघायला नको का?

वडील निघायच्या आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, खिडकीवर नको, थेट डॉक्टरांना, आणि सांगा की स्थलांतर आहे, निदान महिन्याच्या गोळ्या द्या, जमलं तर दोन महिन्यांच्या. एका कागदावर मूळ औषधांची नावं, मिलीग्रॅम आणि वेळ लिहून त्यांची सही घ्या, त्या कागदाचा फोटो आई आणि वडील दोघांच्या फोनमध्ये ठेवा, कारण टोळीबरोबर फिरताना कागद भिजतो, हरवतो. स्टॉक नाही म्हणाले तर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करता येते का हे विचारा. ऐकलं नाही तर १०४ ला फोन करून तक्रार नोंदवा. अगदीच वेळ आली तर जन औषधी दुकानात ह्याच गोळ्या बाजारापेक्षा खूपच स्वस्तात मिळतात.

दोन धोके आहेत ते वडिलांना नीट सांगा. बीपीसाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर ती एकदम तुटली की छातीत दुखणं, धडधड, बीपी उसळणं होऊ शकतं, तिचा खंड पडू द्यायचा नाही. दुसरं, शुगरसाठी ग्लिमेपिराइड असेल तर ती उपाशीपोटी घेऊन फडात जायचं नाही. पहाटे चार वाजता कोयता घेऊन निघाले, भाकरी खाणार नऊला, गोळी मात्र चारलाच घेतली, की सातच्या सुमाराला घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी आणि हातात कोयता. गोळी भाकरीबरोबर घ्यायची आणि खिशात गुळाचा खडा कायम ठेवायचा.

आणि स्टॉक नाही हे नशिबावर सोडायचं कारण नाही हो. तमिळनाडूने १९९५ पासून सगळ्या सरकारी दवाखान्यांची औषधखरेदी एका महामंडळाकडून सुरू केली, गरजेच्या औषधांची यादी ठरवली, आलेल्या मालाचे नमुने तपासून पास झाल्यावरच दवाखान्यात पाठवायचं ठरवलं, आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक दिलं की तुमच्या वाट्याचं एवढं, गरज असेल ते उचला. आपल्याकडेही वेगळं खरेदी प्राधिकरण आता झालंय. त्याचा उपयोग झाला की नाही हे वडिलांच्या हातात महिन्याची पट्टी पडते का यावरच मी मोजणार.

प्रश्न: मुलगा दीड वर्षाचा आहे, वजन १० किलो. सर्दी खोकला सारखा होतो. छिंदवाड्याच्या बातम्या आल्यापासून खोकल्याचं औषध द्यायची भीती वाटते, आमच्या वरुडपासून ते लांब नाही. पण सासूबाई म्हणतात मेडिकलवाला देतो ते दे, आमची पोरं त्यावरच वाढली. तापाचं औषध तरी चालेल का आणि किती चमचे? (अमरावती जिल्हा)

उत्तर: खोकल्याचं सिरप देऊ नका. २०२५ च्या सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा भागात वीसपेक्षा जास्त लेकरं गेली, त्यातली कितीतरी उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपमध्ये तपासणीत डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं, चालतं ते जास्तीत जास्त ०.१ टक्का. हे कारखान्यातलं विष आहे, मूत्रपिंड बंद पाडतं, लेकराची लघवी बंद होते. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली खोकला सर्दीची औषधं लिहायची देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली पण शक्यतो टाळायची.

हेच विष मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आलं होतं, १४ पेशंट गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला आणि औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी कशी सडली होती ते त्यांनी उघड्यावर मांडलं. ४० वर्षं होत आली आणि त्याच रसायनाने पुन्हा लेकरं जातात, मला यावर शांतपणे लिहिता येत नाही. सरकारी रुग्णालयात भरती झालेला पेशंट असो की खेड्यातलं लेकरू, हातात दिलेली बाटली यांनी घरी तपासायची कशी? ते काम त्यांचं नाहीच.

सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवा, रागाने नको, त्यांनी जे केलं ते त्या वेळच्या माहितीवर केलं. सर्दीने येणारा बहुतेक खोकला आपोआप बसतो. नाक मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी मोकळं ठेवा, अंगावरचं दूध आणि कोमट पातळ पदार्थ चालू ठेवा, मुलगा एक वर्षाच्या वरचा आहे म्हणून अर्धा चमचा मध चालेल, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. लक्ष ठेवायचं ते श्वासावर. तो झोपला असताना पोट वरखाली होताना पूर्ण एक मिनिट मोजा, या वयात ४० किंवा जास्त आलं, छाती आत ओढली जात असेल, पीत नसेल किंवा सारखा गुंगीत असेल तर त्याच वेळी दवाखाना गाठा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला ही मर्यादा ५० ची.

तापासाठी पॅरासिटामॉल चालेल, पण "किती चमचे" असं मला विचारूच नका, बाटलीवर काय लिहिलंय ते आधी सांगा. १० किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १५० मिलीग्रॅम लागतं. ५ मिलीला १२५ वालं सिरप असेल तर ते ६ मिली होतं, ५ मिलीला २५० वालं असेल तर ३ मिली, आणि ड्रॉप्सच्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलीतच १०० असतं म्हणजे फक्त दीड मिली. ड्रॉप्स सिरप समजून ६ मिली पाजले तर चौपट गेलं आणि यकृताला धोका झाला. दोन डोसमध्ये सहा तास सोडा. आणि घरातला चमचा वापरू नका, पोह्याचा चमचा निराळा, चहाचा निराळा, प्रत्येक घरचा निराळा. बाटलीबरोबरचं मापाचं झाकण नाहीतर सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज, तेवढंच.

प्रश्न: सरकारी गोळ्यांना पावर नसते असं सगळेच म्हणतात. इंजेक्शन घेतल्याशिवाय बरंच वाटत नाही. खरं काय? (सोलापूर)

उत्तर: ५ मिलीग्रॅम म्हणजे ५ मिलीग्रॅम, पट्टी चकचकीत असली म्हणून सहा होत नाहीत. जेनेरिक म्हणजे मूळ नावाने विकलेलं तेच औषध. खराब माल कधी येतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही, सरकारीतही येतो आणि महागड्या ब्रँडमध्येही नमुने नापास होतात, त्याला उपाय तपासणी वाढवणं हा आहे, महाग गोळी घेणं हा नाही. इंजेक्शनचं म्हणाल तर तापाच्या नाहीतर अंगदुखीच्या सुईत पुष्कळदा डायक्लोफेनॅक किंवा स्टेरॉइड असतं, त्याने तासाभरात हलकं वाटतं आणि मूळ आजार तसाच राहतो. जे तोंडाने घेता येतं त्याच्यासाठी सुई टोचून घेऊ नका.

प्रश्न: काकूला इन्सुलिन चालू आहे, सकाळी २० युनिट. गेल्या आठवड्यात मुंबईहून चुलतभावाने इन्सुलिन पाठवलं, ते नेहमीच्या सिरिंजमध्येच २० च्या रेघेपर्यंत भरलं, तासाभरात ती घामाने ओली होऊन बेशुद्ध पडली. नशीब शेजारी नर्स होत्या. असं का झालं? आणि आमच्याकडे पावसाळ्यात चार चार दिवस लाईट नसते, फ्रिजचा उपयोग नाही. (कणकवली तालुका)

उत्तर: वाचूनच छातीत धस्स झालं. इन्सुलिनच्या बाटलीवर युनिट बघा. आपल्याकडच्या साध्या बाटल्यांत एका मिलीला ४० युनिट असतात, त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. पेनमध्ये घालायच्या काडतुसात आणि काही बाटल्यांत एका मिलीला १०० असतात, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. तुम्ही बहुतेक १०० वालं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं, २० च्या रेघेला अर्धा मिली येतो, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट गेले, अडीचपट. उलट झालं असतं, ४० चं औषध १०० च्या सिरिंजने, तर फक्त ८ युनिट गेले असते आणि शुगर वाढत राहिली असती, कळलंही नसतं. बाटली आणि सिरिंज, दोन्हीवरचा आकडा एकच हवा. चुलतभावाला बाटलीचा फोटो पाठवा आणि सांगा हीच पाठव नाहीतर पाठवू नकोस.

लाईट नसताना मडकं वापरा. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात प्लास्टिकच्या कोरड्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, आणि हे सगळं चुलीपासून लांब सावलीत. वापरायला काढलेली बाटली अशा थंडाव्यात साधारण चार आठवडे टिकते, झाकणावर उघडल्याची तारीख लिहा. फ्रिज चालू असला तरी बर्फाच्या कप्प्याजवळ नको, एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं. घाम, थरथर झाली आणि काकू शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

प्रश्न: मी आशा आहे. आमच्या पाड्यांवर लोक पावरी बोलतात, पट्टीवरचं इंग्रजी तर सोडाच, मराठी पण बऱ्याच जणांना येत नाही. गोळ्या दिल्या तरी कोण सकाळी घेतं कोण एकदम सगळ्या घेतं. मी काय करू? (धडगाव, नंदुरबार)

उत्तर: ताई, तुम्ही विचारलंत हेच किती मोठं आहे. पाकिटावर स्केचपेनने चित्र काढा, सकाळसाठी उगवता सूर्य, रात्रीसाठी चांदोबा, जेवणानंतर असेल तर भरलेली थाळी, आणि जितक्या गोळ्या तितके ठिपके. एका पाकिटात एकच औषध. मग "समजलं का" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. पावरीतच म्हणा, आता मला सांग तू घरी कशी घेणार, आणि त्यांनी गोळी हातात घेऊन दाखवेपर्यंत थांबा. पहिल्या दोन वेळा वेळ जातो, नंतर जात नाही.

आणि आम्हाला हे जमणार नाही असं तुम्हाला कुणी म्हटलं तर गडचिरोलीचं सांगा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने खेड्यातल्या बायकांनाच शिकवलं, त्या आरोग्यदूत बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखला, जेंटामायसिनचं इंजेक्शन मापात दिलं, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. तुम्ही आज ज्या घरभेटी करता त्यांची मुळं तिथली आहेत.

प्रश्न: मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. एका बाईने आधी सांगितलं होतं की तिला सल्फाच्या गोळ्या चालत नाहीत, पण त्या दिवशी लसीकरण, ओपीडी, ऑनलाइन एंट्री सगळं एकदम होतं आणि माझ्या हातून कोट्रायमोक्झाझोल, म्हणजे सल्फाचीच गोळी, दिली गेली. दुसऱ्या दिवशी अंगभर पुरळ. मी गोळी बंद केली, ती बरी आहे. पण मी वर कुणाला सांगितलेलं नाही, नोटीस येईल अशी भीती वाटते. रात्री झोप नाही. सांगावं का? (नाव नको)

उत्तर: सांगावं. पण आधी त्या बाईच्या घरी जा. पुरळ कमी होतंय का, तोंडात फोड, डोळे लाल, कातडीला फोड येऊन ती सुटतेय असं काही आहे का बघा, असेल तर एक तासही न थांबता तिला मोठ्या रुग्णालयात पोचवा. नसेल तर तिच्यासमोर बसून सरळ सांगा की तू सांगितलं होतंस, माझ्याकडून राहिलं. आणि तिच्या कागदावर, तुमच्या रजिस्टरला आणि शक्य असेल तर ऑनलाइन नोंदीतही लाल अक्षरात लिहा, सल्फा चालत नाही. पुढचा दवाखाना तुमचा नसणार आहे.

मी एकदा जुलाबाच्या पेशंटला मेट्रोनिडाझोलऐवजी शुगरची मेटफॉर्मिन दिली होती. दोन्ही नावं मेटने सुरू, दोन्ही पांढऱ्या गोळ्या, एकाच कप्प्यात शेजारी शेजारी रचलेल्या, आणि बाहेर रांग दारापर्यंत. मेटफॉर्मिनने जुलाब उलट वाढतात. तिसऱ्या दिवशी त्याला ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावायची वेळ आली, त्याच्या बायकोने पट्टी परत आणून दाखवली तेव्हा मला कळलं. तो शेतमजूर होता, आठवड्याची मजुरी गेली त्याची, आणि तो मलाच म्हणाला "राहू द्या बाई, होतं असं". त्याचं ते समजून घेणं मला बोलण्यापेक्षा जड गेलं, कारण शहरातला कुणी असता तर त्याने तक्रार केली असती आणि निदान काहीतरी लिहिलं गेलं असतं. मी डॉक्टरांना सांगितलं. ते चिडले, मग त्यांनी स्वतः येऊन कपाट बघितलं. त्याच दुपारी आम्ही मेटफॉर्मिन दुसऱ्या भिंतीच्या कप्प्यात हलवली आणि चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहायचं, नुसतं "मेट" नाही, असं ठरलं. मी गप्प बसले असते तर ते कप्पे तसेच राहिले असते आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी दुसरं कुणीतरी तेच केलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांच्या चुकांवर मोहीम काढली तेव्हा त्यांनीही हेच मांडलं होतं की थकवा, गर्दी, अपुरी माणसं यातून चुका होतात. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी देताना फक्त "माझी चूक झाली" असं लिहू नका. त्या दिवशी किती पेशंट होते, लसीकरण आणि ओपीडी एकाच माणसाकडे होती, अ‍ॅलर्जी लिहायला केसपेपरवर जागाच नाही, हे पण लिहा, तुमची बाजू सावरायला म्हणून नको, ते बदलावं म्हणून. शिवाय औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायला देशात २०१० पासून फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, फॉर्म नर्स, फार्मासिस्ट, स्वतः पेशंट कुणीही भरू शकतं आणि पेशंटचं नाव गुप्त राहतं. फॉर्म भरताना औषधाचं नाव, कधी सुरू केलं, पुरळ कधी आलं, गोळी बंद केल्यावर काय झालं ते क्रमाने लिहा, आणि बॅच नंबर सोडू नका. पट्टी फेकली गेली असेल तर स्टॉक रजिस्टरमध्ये त्या तारखेच्या आवकेसमोर तो सापडेल.